सह्याद्रीच्या माथ्यावरचे सोनेरी पंख

बेळगावच्या पूर्वेस काळी माती आणि पश्चिमेस तांबडी, हे इथल्या शाळकरी मुलासही ठाऊक असते. पूर्वेकडे ज्वारीची मोकळी राने, पश्चिमेकडे भाताची खाचरे. शहर मागे टाकून जांबोटीच्या रस्त्याला लागले, की ही तांबडी माती हळूहळू झाडीच्या सावलीत शिरते. खाचरे विरळ होतात, वळणे वाढतात आणि गाडीच्या उघड्या काचेतून ओल्या पाचोळ्याचा गंध आत येऊ लागतो. पुढे कणकुंबी, मग चोर्ला, घाट उतरला की केरी, अंजुण्याचे धरण आणि साखळी. आपल्यापैकी कितीतरी घरांना हा रस्ता नवा नाही. कुणाचे कुलदैवत मंगेशी, कुणाची शांतादुर्गा, कुणाची म्हाळसा. कुणाच्या लेकी फोंड्या-म्हापशाला दिलेल्या. देवदर्शन, बारसे, लग्नकार्य अशा निमित्ताने वर्षातून दोनचारदा तरी हा घाट उतरावा लागतोच. मात्र घाट उतरण्याच्या घाईत माथ्यावरच्या रानाकडे पाहायचे राहून जाते. त्या रानातील एका रहिवाशाची ओळख करून देण्यासाठी हा लेखनप्रपंच.

हे रान म्हणजे पाण्याची वाटणी करणारा उंबरठाच होय. कणकुंबीस मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे वळून कूडलसंगमाला कृष्णेस मिळते. त्याच खानापूर तालुक्याच्या डोंगरांतून म्हादई निघते. ती मात्र पश्चिमेची वाट धरते आणि मांडवी या नावाने पणजीपाशी समुद्रास भेटते. पावसाचा एक थेंब डोंगराच्या कुठल्या अंगाला पडला यावर तो बंगालच्या उपसागरात जाणार की अरबी समुद्रात, हे ठरते. बेळगावात श्रावणसरी रिमझिमत असतात तेव्हा कणकुंबीस पाऊस अक्षरशः कोसळत असतो. या पाण्यावरच इथले सदाहरित आणि निमसदाहरित अरण्य पोसले आहे. एका बाजूस २०११ साली घोषित झालेले भीमगड अभयारण्य, दुसऱ्या बाजूस गोव्याचे म्हादई अभयारण्य, आणि जवळच महाराष्ट्राची हद्द. तीन राज्यांच्या सीमा येथे एकमेकींना टेकलेल्या आहेत. पण झाडीस त्याचा पत्ता नाही.

पावसाळा ओसरू लागला, की भाद्रपद-आश्विनातल्या एखाद्या उघडीपीच्या सकाळी या माथ्यावर थोडे थांबावे. आठ-नऊच्या सुमारास धुके वर सरकते आणि झाडांच्या शेंड्यांवर ऊन येते. अशा वेळी तीस-चाळीस फुटांवरून काहीतरी काळे-पिवळे संथपणे तरंगत जाताना दिसते. पहिल्या दृष्टिक्षेपात तो पक्षीच वाटतो. पंखांची फडफड घाईची नाही; दोन-चार संथ झोके, मग पंख पसरून लांबवर तरंगणे, पुन्हा दोन झोके. ऊन मागल्या पंखांतून आरपार येते आणि क्षणभर एखादे सोन्याचे पान हवेत पेटल्यासारखे दिसते. मग ते खाली घाणेरीच्या झुडुपावर उतरते आणि लक्षात येते, की हा पक्षी नव्हे, हे फुलपाखरू आहे.

इंग्रजीत याला ‘सदर्न बर्डविंग’ म्हणतात. म्हणजे दक्षिणेतले, पक्ष्यासारख्या पंखांचे. या लेखापुरते आपण त्याला ‘पक्षिपंख’ म्हणू. शास्त्रीय नाव ‘ट्रॉयडिस मायनॉस’. पीटर क्रेमर या डच अभ्यासकाने १७७९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि क्रीट बेटाच्या पुराणप्रसिद्ध मायनॉस राजाचे नाव त्यास दिले. नाव ग्रीकांचे असले तरी प्राणी मात्र अस्सल आपल्याकडचा. दक्षिण महाराष्ट्रापासून गोवा, कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडूपर्यंत सह्याद्रीच्या रांगांत व त्यांच्या आसपास तो आढळतो. जगात अन्यत्र कोठेही नाही.

त्याच्या आकाराची थोडी कल्पना दिली पाहिजे. पसरलेल्या पंखांची रुंदी १४० ते १९० मिलिमीटर भरते, म्हणजे साडेपाच ते साडेसात इंच. आपली वीत टेबलावर पसरून पाहावी. मोठी मादी तिच्याहून फार लहान नसते. ब्रिगेडियर इव्हान्स या लष्करी अधिकाऱ्याने १९३२ साली १९० मिलिमीटरच्या मादीची नोंद केली आणि ‘भारतातील सर्वांत मोठे फुलपाखरू’ हा मान पक्षिपंखाकडे तब्बल ८८ वर्षे राहिला. २०२० साली उत्तराखंडातील डीडीहाट येथे सापडलेल्या, हिमालयी भाऊबंदांपैकी ‘गोल्डन बर्डविंग’च्या मादीची रुंदी १९४ मिलिमीटर भरल्याचे प्रसिद्ध झाले आणि चार मिलिमीटरांनी तो मान उत्तरेकडे गेला. दक्षिणेत मात्र याच्या तोलाचे दुसरे नाही.

रूपाचे म्हणाल तर रंग मोजकेच. पुढचे पंख मखमली काळे, त्यांवर शिरांच्या कडेने फिकट रेषा. मागचे पंख झळझळीत पिवळे, कडेला काळी नक्षीदार किनार. जणू काळ्या काठाची पिवळी पैठणी. डोके व छाती काळी. मात्र मानेशी लाल केसांचे एक वळे असते. नर-मादी ओळखणे अवघड नाही. नराच्या मागल्या पंखांचे पिवळे क्षेत्र स्वच्छ, मोकळे असते. मादीच्या पिवळ्यावर किनारीच्या आत काळ्या ठिपक्यांची आणखी एक ओळ असते. नराच्या मागल्या पंखाच्या आतल्या कडेस एक घडी असते आणि तीत मादीला आकर्षून घेणाऱ्या गंधाचे खवले दडलेले असतात.

पक्षिपंख ज्या कुळात मोडतो त्याचे इंग्रजी नाव ‘स्वॅलोटेल’, म्हणजे पाकोळीसारख्या दुभंगलेल्या शेपटीचे. आपल्या बागेतले कॉमन मॉर्मन किंवा रानातले मलबार बँडेड पीकॉक पाहिले तर मागल्या पंखांना शेपटीसारखी टोके दिसतात आणि नावाचा अर्थ उलगडतो. परंतु पक्षिपंखाला शेपटी नाही. मग तो या कुळातला कसा? याचे उत्तर त्याच्या बालपणात आहे. या कुळातील प्रत्येक सुरवंटाच्या डोक्यामागे एक दुभंगलेले मांसल शिंग लपलेले असते. सुरवंटाला डिवचले, की ते शिंग एकाएकी बाहेर येते आणि उग्र दर्प पसरतो. मुंग्या, माश्या व कोळी यांना पळवून लावण्याचे हे हत्यार. मोठेपणी शेपटी असो वा नसो, लहानपणी हे शिंग असणारच. कुळाची खूण पोशाखावरून नव्हे, तर पाळण्यातल्या पायांवरून ओळखावी, असा हा प्रकार.

आता त्या बालपणाकडेच वळू. पक्षिपंखाची मादी अंडी कुठेही घालत नाही. जंगलातील शेकडो वनस्पतींपैकी तिला एकच घराणे चालते: ईश्वरी, जिला कोणी सापसन म्हणतात, तिचे. ईश्वरीचा वेल तसा साधा, बारीक. कुंपणाच्या आधाराने चढणारा. त्याची गोत्रज ‘थोट्टिया’ नावाची एक लहानशी झुडुपी वनस्पती सह्याद्रीच्या सदाहरित रानात, मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढते. तिच्यावरही मादी अंडी घालते. झुडुपांच्या दाटीतून ती सावकाश फिरत राहते, पानांवर उतरून पुढच्या पायांनी त्यांना स्पर्श करते. फुलपाखराच्या पायांत चव घेणारी इंद्रिये असतात. पानाची चव पटली, तर पोट वाकवून ती एक अंडे चिकटवते आणि पुढे जाते. एकाच पानावर सारी अंडी ठेवण्याची चूक ती करीत नाही, कारण एक सुरवंट मोठा व्हायला बरीच पाने लागतात.

आठवड्याच्या आसपास अंड्यातून सुरवंट बाहेर येतो. प्रथम तो आपल्या अंड्याचे कवच खातो, मग पानांकडे वळतो. गर्द तांबूस-काळसर मखमली अंग, त्यावर ओळीने मांसल काट्यांसारखे उंचवटे आणि कमरेच्या जागी एक फिकट तिरपा पट्टा असे त्याचे रूप असते. काटे भीतिदायक दिसतात, पण ते मऊ असतात. वाढता वाढता तो चार वेळा कात टाकतो. तीन-साडेतीन आठवड्यांनी तो खाणे थांबवतो, आडोशाची काटकी शोधतो, शेपटाकडील टोक रेशमाने तीस चिकटवतो आणि कमरेभोवती रेशमी धाग्याचा एक फास घेऊन किंचित मागे रेलून बसतो. नारळाच्या झाडावर चढणारा पाडेली जसा कमरेला दोर घेऊन रेलतो, अगदी तसा. मग शेवटची कात पडते आणि कोश उघडा होतो. तो हिरवट किंवा फिकट तपकिरी असतो; वाळक्या वळलेल्या पानात आणि त्यात फरक करणे जाणकारालाही कठीण जाते. बर्डविंगांच्या कोशांची आणखी एक गंमत म्हणजे डिवचल्यास ते हलतात आणि फुसफुस असा आवाज करतात. सुमारे तीन आठवड्यांनी, बहुधा सकाळच्या वेळी, कोश उकलतो. चुरगळलेले ओले पंख घेऊन फुलपाखरू बाहेर येते, उलटे लटकून पंखांत रक्तरस भरते आणि पंख वाळले की उडून जाते. अंड्यापासून उड्डाणापर्यंत साधारण दीड ते दोन महिने.

ईश्वरीच का, हा प्रश्न उरतोच. त्याचे कारण असे, की ईश्वरी विषारी आहे. तिच्या अंगी ‘अॅरिस्टोलोकिक आम्ल’ नावाचे द्रव्य असते. बहुतेक कीटक व गुरे तिला तोंड लावत नाहीत. पक्षिपंखाच्या सुरवंटाने मात्र हे विष पचवून आपल्या शरीरात साठवण्याची युक्ती साधली आहे. सुरवंटात साठलेले विष कोशातून थेट फुलपाखरापर्यंत पोहोचते. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेस जात नाही. आता त्या संथ उड्डाणाचा अर्थ लागतो. ज्यास कोणी खाणार नाही त्याने घाई कशासाठी करावी? त्याचे भडक रंग म्हणजे रानाला दिलेली उघड सूचनाच होय. याच ईश्वरीवर कॉमन रोझ व क्रिमझन रोझ ही लाल अंगाची फुलपाखरेही वाढतात आणि तीही अशीच बेफिकीर असतात. गंमत अशी, की कॉमन मॉर्मनच्या अनेक माद्या, स्वतः बिनविषारी असूनही, या दोघांचा वेष घेऊन वावरतात आणि पक्ष्यांना फसवतात. नाटकमंडळी केवळ माणसांतच असतात असे नाही.

या फुलपाखराची इतकी बारीक माहिती आपणास कुणामुळे मिळाली हे सांगितले पाहिजे, कारण तो इतिहास आपल्या शेजारचाच आहे. उत्तर कानडा जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारवारास तीन सरकारी अधिकारी एकत्र आले. जेम्स डेव्हिडसन मुलकी खात्यातले, टॉमस बेल जंगल खात्यातले, आणि एडवर्ड एटकेन मीठ व अबकारी खात्यातले. एटकेन साताऱ्यास जन्मलेले. ‘एहा’ या टोपणनावाने त्यांनी लिहिलेले निसर्गविनोदी लेखन गाजलेले आहे. कचेरीचे काम सांभाळून या तिघांनी जिल्ह्यातील फुलपाखरांचे सुरवंट घरी आणून वाढवले, त्यांची खाद्ये निश्चित केली आणि कोशांचे निरीक्षण केले. त्यांचा उत्तर कानड्याच्या फुलपाखरांवरील दीर्घ लेख मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १८९६-९७ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. बेल तर या भूमीत असे रमले, की निवृत्तीनंतरही विलायतेस न परतता कारवारासच राहिले आणि १९४८ साली तेथेच निवर्तले. कॅसलरॉकपासून कारवारपर्यंतच्या रानांतील फुलपाखरांविषयी आज जे छापले जाते त्याचा पाया या तिघांच्या टिपणांत आहे. त्यांच्यासाठी रानात फिरून सुरवंट शोधणाऱ्या स्थानिक माणसांची नावे मात्र बहुतांशी कागदावर आलेली नाहीत.

अलीकडच्या काळात फुलपाखरांना राजमान्यताही लाभली आहे. महाराष्ट्राने २०१५ साली ‘ब्लू मॉर्मन’ या निळ्या-काळ्या फुलपाखरास राज्य-फुलपाखराचा मान दिला; असे करणारे ते देशातले पहिले राज्य. ‘राणी पाकोळी’ या गोड नावाने ते वृत्तपत्रांतून झळकले. पुढे कर्नाटकाने आपल्या पक्षिपंखास हा मान दिला आणि केरळाने मलबार बँडेड पीकॉकला. तिन्ही एकाच स्वॅलोटेल कुळातील, आणि तिन्ही सह्याद्रीची लेकरे. चोर्ल्याच्या माथ्यावर एकाच घाणेरीच्या झुडुपावर महाराष्ट्राची राणी पाकोळी आणि कर्नाटकाचा पक्षिपंख शेजारी शेजारी मध घेत असतात. सीमेच्या प्रश्नावर हयात घालवलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी हे दृश्य एकदा पाहावे, असे मनापासून वाटते. प्रश्न आपल्या जागी राहील. पण डोळ्यांना थोडा विसावा मिळेल.

पक्षिपंख आज दुर्मीळ झालेला नाही, ही समाधानाची गोष्ट. त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारान्वये निर्बंध आहेत. तथापि त्याचे सारे भवितव्य एका वेलावर लटकलेले आहे, आणि खरी काळजी त्या वेलाची आहे. रस्ता रुंद होतो तेव्हा प्रथम जातात ती कडेची झुडुपे. रान साफ करून काजू किंवा रबर लावला जातो तेव्हा मोठी झाडे गेल्याची हळहळ होते. पायाशी वाढणारी थोट्टिया गेली हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ईश्वरीची मुळे औषधी म्हणून खणून नेली जातात. फुलपाखरास कोणी हात लावला नाही तरी वेल गेला, की त्याचा वंश त्या रानापुरता संपला.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे अगत्याचे वाटते, कारण हे मासिक घराघरांत वाचले जाते. आपल्याकडे ईश्वरीचे मूळ सर्पदंशावर, बाळंतिणीस, पोटदुखीवर देण्याची जुनी चाल होती आणि काही घरांत ती अद्याप असेल. ज्या विषाने फुलपाखराचे रक्षण होते, तेच विष माणसाच्या मूत्रपिंडाचा नाश करते. १९९० नंतरच्या काही वर्षांत बेल्जियममध्ये वजन उतरवण्यासाठी घेतलेल्या औषधात याच जातकुळीची एक चिनी वनस्पती मिसळली गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. पुढे त्यांच्यापैकी कित्येकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे आम्ल माणसास निश्चितपणे कर्करोगकारक ठरवले आहे. तेव्हा साप चावल्यास मूळ उगाळत न बसता रुग्णास तातडीने इस्पितळात न्यावे. तेथे मिळणारी प्रतिविषाची लस हाच त्यावर उपाय. आजीच्या बटव्याचा आदर राखूनही हे मूळ त्यातून काढून टाकले पाहिजे. त्यात आपले भले आहे आणि फुलपाखराचेही.

वेल मात्र वाढवावा. ज्यांची खानापूर-जांबोटीकडे शेती आहे, सत्तरी-डिचोलीकडे कुळागर आहे, त्यांनी कुंपणाच्या एखाद्या सावलीच्या कोपऱ्यात ईश्वरी राहू द्यावी, उपटू नये. लहान मुले व गुरे यांच्यापासून ती दूर असावी एवढेच. तिचे फूलही पाहण्यासारखे असते. त्याच्या नळीत आत वळलेले केस असतात. गंधाला भुलून शिरलेली चिलटे आत अडकतात, परागांनी माखतात आणि केस सुकले की सुटतात. फळ पिकले की उलट्या छत्रीप्रमाणे उकलते आणि लहानशा शिंक्यासारखे वेलावर लोंबत राहते. रोपवाटिकेतून मोठ्या, चित्रविचित्र फुलांची परदेशी ईश्वरी मात्र आणू नये. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात तेथील बर्डविंगांच्या माद्या दक्षिण अमेरिकेतून बागांत आलेल्या अशा वेलावर अंडी घालीत आणि त्यावर जन्मलेले सुरवंट मरून जात. तेथील लोकांनी तो परका वेल उपटून देशी वेल लावण्याची मोहीम हाती घेतली. हा धडा आपणास फुकट मिळालेला आहे.

ज्यांना रानात जाणे शक्य नाही त्यांनी परसातल्या कढीलिंबाकडे लक्ष ठेवावे. त्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा, काळा-पांढरा इवलासा सुरवंट दिसला, तर तो झटकू नये. तो पक्षिपंखाच्याच कुळातील लिंबाच्या फुलपाखराचा बाळ असतो. काही दिवसांत तो हिरवागार होईल. काडीने हळूच स्पर्श करा, डोक्यामागचे दुभंगलेले शिंग बाहेर येईल आणि हाताला आंबूस दर्प येईल. महिन्याभरात सारे चक्र मुलांच्या डोळ्यांदेखत पुरे होते. चार पाने कमी पडली तर त्या दिवशी फोडणी थोडी फिकी होईल, एवढेच.

आणि पुढच्या खेपेस गोव्यास जाल तेव्हा अर्धा तास हाताशी ठेवून निघा. पाऊस उघडलेला असावा, सकाळची वेळ असावी. कणकुंबी सोडल्यावर रस्त्याच्या मोकळ्या कडेला गाडी उभी करा आणि नजर झाडांच्या शेंड्यांवर ठेवा. फुले तोडू नका, वेल ओढू नका. फुलपाखरू खाली उतरले तर मुलांना पाच पावलांवर थांबवा. ते फुलावर बसूनही पुढचे पंख सतत हलवीत असते, त्यामुळे नीट पाहायला थोडा धीर लागतो. मागच्या पिवळ्या पंखावर ठिपक्यांची ओळ दिसली, तर ती मादी. ती झुडुपांत खाली शिरून पानांना पाय लावीत फिरू लागली, तर तिच्या मागोमाग डोळे न्या. जिथे ती पोट वाकवील, तिथे ईश्वरी किंवा थोट्टिया असेलच. ती जागा लक्षात ठेवा, आणि दीड-दोन महिन्यांनी परतताना पुन्हा तिथेच थांबा.